जादूच्या पेटीतली बाई

भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या, शेळ्यांमागं असताना मोबाइलवर ऐकणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या तायांना, मावश्यांना, आक्कांना कळंबहून रामराम.

एरवी मी तुमच्याशी बोलते ते बचत, कर्ज, हप्ता, बँकेचं खातं यावर. आज विषय जरा वेगळा आहे. आज जादूच्या खेळाबद्दल बोलायचंय. जत्रेतल्या तंबूत, शाळेच्या वर्गात, नाट्यगृहात जो जादूचा खेळ होतो, त्याचा इतिहास सांगायचाय. तुम्ही म्हणाल, समन्वयक ताईंना आज हे काय सुचलं? पण हा विषय माझ्याकडं आला तो गटाच्या बैठकीतूनच. कर्जाच्या वहीतून आला म्हटलं तरी चालेल.

लाल लिंबू

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. एका ताईचे तीन हप्ते थकले होते. म्हशीसाठी पंधरा हजारांचं कर्ज उचललं होतं, पण दारात म्हैस काही दिसत नव्हती. आधी ती काही बोलेचना. मग रडत रडत सांगायला लागली. लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाहेरगावचा एक बाबा आला. त्यानं तिच्यासमोर लिंबू कापलं, ते आतून रक्तासारखं लाल निघालं. म्हणाला, “लेकीवर करणी आहे, लिंबानंच दाखवलं.” उतारा, पूजा, परत पूजा असं करत त्यानं अकरा हजार नेले.

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. दोघी तिघी तर हळूच म्हणाल्या, “लाल निघालं म्हणजे कायतरी असंलच की.”

तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक मावशी उठली. साठी ओलांडलेली, गटात सगळ्यांत कमी बोलणारी. म्हणाली, “लिंबू आन् चाकू द्या कुणीतरी.” चाकू घेऊन परसात गेली, थोड्या वेळानं आली आणि आमच्यापुढं लिंबू कापलं. लालभडक! दोघी जणी मागं सरकल्या. मावशी म्हणाली, “कुणाची करणी न्हाई. परसातल्या जास्वंदीची हाय.” जास्वंदीचं फूल चाकूच्या पात्यावर चोळायचं आणि वाळू द्यायचं. लिंबाचा आंबट रस लागला की तो रंग लाल होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तर आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. तसाच हा प्रकार.

मी विचारलं, “मावशी, तुम्हाला हे कसं माहीत?”

ती म्हणाली, “बावीस वर्षं पेटीत बसत व्हते मी.”

मग उलगडा झाला. तिचे मालक जादूचे खेळ करायचे. लातूर, बीड, सोलापूर आणि आपला धाराशिव जिल्हा, इथल्या शाळा आणि जत्रा त्यांनी केल्या. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत त्यांचा छोटा तंबू असायचा. लहानपणी त्या यात्रेत मीही जादूचा खेळ पाहिलाय. पेटीत बाई बसते, पेटीला तलवारी खुपसतात आणि मग बाई हसत बाहेर येते. कदाचित ती बाई हीच मावशी असेल. इतकी वर्षं एका गटात आहोत आणि आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

गारुडी ते तंबू

त्या दिवसापासून मी या कलेबद्दल वाचायला, विचारायला लागले. आपल्याकडं ही कला किती जुनी आहे ते आपल्या भाषेतच दिसतं. गारुडी, मदारी, नजरबंदी, हातचलाखी, इंद्रजाल. एखाद्याच्या बोलण्यानं मन भारून गेलं तर आपण म्हणतो, “त्यानं गारूड केलं.” हा शब्द गारुड्याच्या खेळातलाच. संत एकनाथ महाराजांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव यांच्या रांगेत गारुडीही आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या रस्त्यावर जे लोक दिसत होते, त्यांत हा कलाकार होता.

त्याच्याजवळ ना पडदा, ना दिवे, ना स्टेज. चारी बाजूंनी माणसं बसलेली. त्यात तीन वाट्या आणि गोळ्या घेऊन तो खेळ करायचा. या वाटीतली गोळी त्या वाटीत, आणि शेवटी वाटीखालून भलतंच काहीतरी निघायचं. आंब्याची कोय मातीत पुरायची, फडकं टाकायचं आणि थोड्या वेळात रोप दाखवायचं, हा खेळ तर मोगल बादशहांच्या दरबारातही झाल्याचं जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. नाट्यगृहात प्रेक्षक समोर बसतात, मागं कुणी नसतं. रस्त्यावर पाठीमागंही माणसं असतात. म्हणून जाणकार म्हणतात की रस्त्यावरचा जादूगार जास्त तयारीचा असतो.

पण या माणसाच्या वाट्याला काय आलं? १९५९ साली आपल्याकडं भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबई कायदा झाला. त्यात भीक कशाला म्हणायचं ते लिहिलंय. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं, याच्या निमित्तानं पैसे घेतले तर तीही भीकच. म्हणजे नाट्यगृहात तिकीट लावून केला तर खेळ आणि तोच चौकात चादर टाकून केला तर भीक! पुढं १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. साप आणि अस्वलांचे हाल थांबले, ते योग्यच झालं. पण गारुड्याची टोपली रिकामी झाली, आणि त्याच्या हातात जी खरी कला होती तिच्यासाठी कुणी दुसरी सोय केली नाही.

एक गंमतही सांगते. भारताची सगळ्यांत प्रसिद्ध जादू कोणती म्हणाल, तर दोरीची. दोर आकाशात उभा राहतो, पोरगा त्यावर चढतो आणि गायब होतो. ही गोष्ट जगभर पसरली ती १८९० साली अमेरिकेतल्या शिकागोच्या एका वर्तमानपत्रातून. चार महिन्यांनी त्याच वर्तमानपत्रानं कबूल केलं की बातमी रचलेली होती. पण कबुली कोण वाचतं? पुढं कितीतरी वर्षं गोरे साहेब तो दोर शोधत हिंदुस्थानभर फिरले. आणि वाटी-गोळीचा खरा खेळ करणारा खरा माणूस रस्त्याच्या कडेला बसून होता, त्याच्याकडं बघायला त्यांना सवड नव्हती.

स्टेजवर मान

रस्त्यावरच्या या कलेला आपल्या देशात स्टेजवर मोठा मान मिळवून दिला तो बंगालच्या प्रतुलचंद्र सरकार यांनी. लोक त्यांना पी. सी. सरकार म्हणून ओळखतात. जन्म १९१३ चा. राजासारखा पोशाख, डोक्याला फेटा, मोठा वाद्यवृंद आणि खेळाचं नाव ‘इंद्रजाल’. ९ एप्रिल १९५६ ला लंडनमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी एक खेळ केला. सतरा वर्षांची दीप्ती डे ही त्यांची साथीदार टेबलावर झोपली. विजेवर फिरणाऱ्या करवतीनं तिला मधोमध कापल्यासारखं दिसलं. सरकारांनी तिला हाक मारली, ती उठेना. तेवढ्यात निवेदकानं कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. लोकांना वाटलं, पोरगी खरंच गेली! बीबीसीचे फोन घणघणायला लागले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तीच बातमी होती आणि त्यांच्या नाटकगृहातल्या खेळांची तिकिटं संपली. वेळ कशी साधायची हे सरकारांना पक्कं माहीत होतं. १९६४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७१ च्या जानेवारीत जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते गेले.

आपल्या महाराष्ट्रात हेच काम केलं जादूगार रघुवीर यांनी. त्यांचं नाव रघुवीर भोपळे. जन्म १९२४ चा, पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण या गावातला. शिक्षण पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात झालं. अशा साध्या घरातल्या पोरानं जादू हाच व्यवसाय धरला. गावोगावी प्रयोग केले, परदेशांचे दौरे केले आणि त्या प्रवासावर ‘प्रवासी जादूगार’ नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं. १९८४ साली ते गेले. त्यांच्यामागं मुलगा विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी खेळ चालू ठेवला. आजही शाळेच्या स्नेहसंमेलनाला जादूचा प्रयोग ठेवतात, त्यामागं अशा घराण्यांची मेहनत आहे.

मावशीच्या मालकांनी मोठ्या शहरात एका जादूगाराचा प्रयोग पाहिला आणि वेड लागलं, असं ती सांगते. शेती दीड एकर, तीही कोरडवाहू. शेतातलं काम उरकलं की पत्र्याची ट्रंक घेऊन नवरा-बायको निघायचे. आधी मुख्याध्यापकांना भेटायचं. पोरांकडून रुपया-रुपया, दोन-दोन रुपये जमायचे. ज्या पोराकडं नसायचे त्यालाही आत बसू द्यायचे. एसटीच्या टपावर पेटी चढवायची, वरून उतरवायची. “पेटी मालकाची आन् ओझं दोघांचं,” मावशी म्हणते.

पेटीत कोण असतं

आता खरा मुद्दा. बाईला पेटीत घालून कापायचा खेळ पहिल्यांदा जाहीरपणे झाला तो १७ जानेवारी १९२१ ला, लंडनमध्ये. पी. टी. सेल्बिट नावाच्या जादूगारानं केला. पेटीत बेटी बार्कर नावाची मुलगी होती. काळ लक्षात घ्या. तिथल्या बायकांनी मतदानाच्या हक्कासाठी मोठा लढा दिला होता आणि १९१८ साली तीस वर्षांवरच्या बायकांना तो हक्क मिळाला होता. त्या लढ्याच्या पुढारी ख्रिस्ताबेल पँकहर्स्ट यांना सेल्बिटनं विचारलं, आठवड्याला वीस पौंड देतो, माझ्या पेटीत कापून घ्यायला येता का? त्यांनी नकार दिला. म्हणजे बघा, हक्क मागणाऱ्या बाईला पेटीत घालून कापायचं आणि लोकांनी तिकीट काढून ते बघायचं. दोन खेळांच्या मधल्या वेळात थिएटरबाहेर लाल पाण्याच्या बादल्या ओतून ठेवायचे, रक्त वाटावं म्हणून. त्या दिवसापासून ‘पेटीत बाई, बाहेर पुरुष’ हे जगभर ठरूनच गेलं.

प्रेक्षकांना वाटतं, जादू बाहेरचा माणूस करतो. हात हलवतो तो, मंत्र म्हणतो तो. पण काम पेटीतली बाई करते. पेटीचं गुपित मावशीनं मला सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. पण किती कष्ट असतात ते मात्र सांगितलं. अंग आखडून बसायचं, श्वास मोजून घ्यायचा, बाहेरचं बोलणं ऐकून नेमक्या शब्दाला हलायचं. एक क्षण इकडंतिकडं झाला तर जखम होते. आत उन्हाळ्यात भट्टी असते. आणि बाहेर येताना चेहऱ्यावर घामाचा थेंब दिसता कामा नये, हसत यायचं. ती म्हणाली, “थोरल्याच्या वेळी चौथा महिना संपंपर्यंत बसले. मंग जावेच्या पोरीला शिकवलं.” घरी कणीक मळताना, निवडण करताना ती बोटांचा सराव करायची. आजही रुपयाचं नाणं तिच्या बोटांवरून असं फिरतं की आपण बघत राहावं. तिच्या बोटांना संधिवात आहे, तरी फिरतं.

या पेटीबाहेर आलेल्या बायकाही इतिहासात आहेत. अमेरिकेतल्या ॲडलेड हरमन या मोठ्या जादूगाराच्या बायको आणि साथीदार. १८९६ च्या डिसेंबरमध्ये नवरा अचानक वारला. डोक्यावर कर्ज होतं. महिनाभरातच त्या स्वतः स्टेजवर उभ्या राहिल्या आणि बंदुकीच्या गोळ्या झेलायचा अवघड खेळ त्यांनी करून दाखवला. पुढं पंचवीसहून जास्त वर्षं त्यांनी स्वतःच्या नावावर खेळ केले. १९३२ साली त्या वारल्या. त्यांनी स्वतःची हकिगत लिहून ठेवली होती. ते कागद नात्यातल्या माणसांनी जपले आणि २०१२ साली, म्हणजे मरणानंतर ऐंशी वर्षांनी, त्याचं पुस्तक निघालं. ते कागद कुणी चुलीत घातले असते तर?

आपल्या देशातल्या सुहानी शाह हिचं नाव तुमच्या लेकींना नक्की माहीत असेल, त्या मोबाइलवर तिला बघतात. तिनं १९९७ साली अहमदाबादला पहिला खेळ केला, तेव्हा ती सात वर्षांची होती. पेटीत बसायला नाही, थेट जादूगार म्हणून उभी राहिली. २०२५ साली इटलीत तुरीन इथं झालेल्या जादूच्या जागतिक स्पर्धेत तिला पुरस्कार मिळाला.

जादूगार आणि बाबा

आता कुणी म्हणेल, ताई, एकीकडं तुम्ही लिंबाच्या बाबाला नावं ठेवता आणि दुसरीकडं जादूचं कौतुक करता. दोघं फसवतातच की.

हाच प्रश्न मी मावशीला विचारला. ती म्हणाली, “आमचे मालक खेळाच्या आधीच सांगायचे. पोरांनो, माझ्याकडं दैवी शक्ती न्हाई, ही हातचलाखी हाय, पकडून दाखवा! पोरं डोळे फाडून बघायची. तिकीट दोन रुपये, ते बी खुशीनं. बाबा आधी भ्या घालतो, मंग पैसे घेतो.” मला वाटतं, यापेक्षा सोपं कुणी सांगू शकणार नाही. जादूगार आपली परवानगी घेऊन आपल्याला फसवतो. खेळ संपला की आपण हसत घरी जातो, कुणाचं कर्ज होत नाही.

आणि बाबांना उघडं पाडायला हीच कला उपयोगी पडली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवतात आणि मग ते कसे केले ते समजावून सांगतात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा गोळ्या झाडून खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं, दहशत बसवणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. कायद्याच्या नावात ‘जादू’ हा शब्द ऐकून मावशीचे मालक घाबरले होते, आता आपला खेळही बंद होणार म्हणून. पण कायदा फसवणुकीच्या विरोधात आहे. ‘ही हातचलाखी आहे’ असं सांगून केलेल्या करमणुकीच्या नाही.

मग गुपितं फोडायची का जपायची? मावशीचं गणित साधं आहे. “ज्या गुपितानं मानूस लुबाडला जातो ते चावडीवर फोडावं. ज्यानं लेकरू टाळी वाजवतं ते जपावं.” म्हणून तिनं लिंबाचं सांगितलं आणि पेटीचं नाही सांगितलं.

कला म्हणून नोंद

जादू ही कला आहे का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. २०१६ साली अमेरिकेच्या संसदेत पीट सेशन्स नावाच्या खासदारानं ठराव मांडला की जादू ही दुर्मीळ कला आणि राष्ट्राचा ठेवा आहे, असं मान्य करावं. पुष्कळांनी त्याची थट्टा केली आणि ठराव काही मंजूर झाला नाही. आपल्या देशात केरळनं या बाबतीत पुढाकार घेतला. गोपीनाथ मुतुकाड या जादूगारांनी १९९६ साली तिरुवनंतपुरमला जादू शिकवणारी अकादमी सुरू केली. २०१४ साली तिथंच त्यांनी जादूचं मोठं केंद्र उभं केलं आणि रस्त्यावर खेळ करणाऱ्या जुन्या जादूगारांना त्यात काम दिलं.

आपल्या राज्यात वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे. भजनी, शाहीर, तमाशातले कलावंत यांच्याबद्दल आपण ऐकतो. मी म्हटलं, मावशी आणि तिच्या मालकांसाठी अर्ज करून बघू. अर्जाला कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. म्हणून एका दुपारी त्यांच्या माळवदावरची ट्रंक खाली काढली.

आत काय निघालं? वाळवीनं खाल्लेला काळा झगा. पितळेच्या तीन वाट्या. रंगीत रुमाल. तीन फोटो, त्यात दोन ओल लागून पुसलेले. शाळांनी दिलेली चार प्रमाणपत्रं. आणि पिवळ्या-गुलाबी कागदावर छापलेल्या सात जाहिराती. मी सगळ्या जाहिराती जमिनीवर पसरल्या आणि वाचल्या. सातही जाहिरातींवर एकच मजकूर होता. वर मालकांचं स्टेजवरचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात, “आणि पार्टी”.

मी विचारलं, “मावशी, पार्टीत कोण कोण होतं?”

ती म्हणाली, “मीच की. पेटीत बी मीच, तिकिटाला बी मीच, भाकरीला बी मीच.”

बावीस वर्षांच्या कामाचा तिच्या नावाचा एकही कागद नाही. मालकांचे पुरावे जमतील, तिचे नाहीत. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? शेतात खुरपणी, वेचणी, काढणी आपण करायची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. दूध आपण काढायचं, डेअरीचं खातं दुसऱ्याचं. म्हणूनच तर गटात आपण पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाचं पासबुक काढायला शिकलो. जादूच्या पेटीतल्या बाईचीही तीच गोष्ट आहे. कलेची नोंद करायची तर ‘आणि पार्टी’ हे दोन शब्द खोडून तिथं माणसांची नावं लिहावी लागतील.

आपण काय करू शकतो

हे काम मोठ्या लोकांनीच करावं असं काही नाही. आपल्या गटानं करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिलं, आपल्या गावात, वस्तीवर, पालावर असा कुणी म्हातारा कलाकार आहे का ते विचारा. जादूगार, गारुडी, डोंबारी, बहुरूपी, कुणीही. त्याच्या घरातल्या बाईलाही बोलतं करा. कोणत्या गावांत खेळ केले, किती वर्षं केले, कुणाकडून शिकले, सोबत कोण होतं, हे वहीत लिहा. गटाची लिहिणारी ताई हे सहज करू शकते. मोबाइलवर आवाज भरून ठेवा.

दुसरं, जुन्या ट्रंका उघडा. जाहिराती, फोटो, शाळेची प्रमाणपत्रं, यात्रा कमिटीच्या पावत्या, जे असेल त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उंदीर आणि वाळवी आपल्यासाठी थांबत नाहीत. आणि ज्या शाळेत खेळ झाले तिथं जाऊन विचारा. जुने गुरुजी हयात असतील तर ते लिहून देऊ शकतात.

तिसरं, मेळाव्याला, हळदी-कुंकवाला, शाळेच्या गॅदरिंगला यांना बोलवा आणि मानधन देऊन बोलवा. फुकट नको. जाहिरातीत दोघांचीही नावं घाला.

चौथं, बाबाची गोष्ट. कुणी लिंबू, नारळ, अंगारा दाखवून पैसे मागितले तर आधी गटात सांगा. एकटीनं निर्णय घेऊ नका. भीती एकटीला गाठते, गटाला गाठत नाही.

त्या ताईचे अकरा हजार काही परत आले नाहीत. तक्रार करायला ती तयार झाली नाही, लेकीचं सासर आहे, बोभाटा नको म्हणाली. आम्ही तिच्यावर जोर केला नाही. गटानं तिचे हप्ते लहान करून दिले. लेक-जावई दोघांनाही सरकारी दवाखान्यात नेलं, उपचार चालू आहेत. पण त्यानंतर मावशीला आम्ही आणखी पाच गावांच्या बैठकांना नेलं. ती आधी लिंबू कापते, मग ते कसं लाल झालं ते सांगते. शेवटी वाटी-गोळीचा खेळ करते आणि त्याचं गुपित मात्र सांगत नाही. बायका हसतात, पोरं “परत, परत” म्हणून ओरडतात. प्रत्येक बैठकीचे ग्रामसंघाकडून तिला दोनशे रुपये मिळतात, आणि सहीच्या कागदावर तिच्या नावापुढं आम्ही लिहितो, ‘जादू कलाकार’. पहिल्या वेळी ती त्या शब्दांवरून बोट फिरवत बसली होती.

ग्रामसभेत तिच्या बावीस वर्षांच्या कामाची नोंद घ्यावी म्हणून आम्ही अर्ज दिलाय. गावातल्या अकरा जणींनी आणि दोन निवृत्त गुरुजींनी त्यावर सह्या केल्यात. पुढच्या ग्रामसभेत विषय येईल. आज तिचं नाव मी रेडिओवर सांगणार होते. पण निघताना तीच म्हणाली, “ताई, आधी कागदावर लागू दे. मंग रेडिओवर सांग.”

तर तिचं नाव पुढच्या वेळी सांगेन. तोवर तुमच्या गावातली नावं तुम्ही लिहून ठेवा. रामराम.